जन्मगाव कोणतं?

परवा बँकेत शेताची पहाणी द्यायची होती. (महाराष्ट्रातल्या पाव्हण्यांसाठी : तुमचा सातबारा, तीच आमची पहाणी. फक्त कन्नडमध्ये.) तिची पीडीएफ घरच्या कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर मला आत घेईना. पासवर्ड चुकीचा म्हणे. खाली हिंट झळकली. गणपतीत पोरं गेम खेळत बसतात म्हणून पासवर्ड बदलला, तेव्हा मीच लिहिलेली : 'नेहमीचाच'.

माझे नेहमीचे पासवर्ड चार आहेत. चारी घातले. मग लक्षात आलं, नम लॉक बंद होतं. शेवटचे आकडे उमटतच नव्हते. ते लावून चारी परत घातले. आणखी दोन नुसते रागानं घातले. दहा चुका भरल्यावर दहा मिनिटांचं कुलूप पडलं.

दुरुस्तीवाल्या पोराला फोन लावला. "फॉरमॅट मारूया की, काका!" पोट दुखतंय म्हणून सांगितलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

कुलूप निघाल्यावर खालचं रिसेटचं बटण दिसलं. तीन प्रश्न. लहानपणीचं टोपणनाव आणि सगळ्यात थोरल्या चुलतभावाचं नाव, हे चुकणं शक्यच नाही. तिसरा, जन्मगाव. मला हसूच आलं. बेळगाव घातलं, शेवटी यूएम लावून, जुन्या ऐटीत. चूक. मग आठवलं, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं स्पेलिंग बदललंय. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा माणूस मी. पण बँक चारला बंद होणार होती. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच 'बेळगावी' टाइप केलं.

तेही चूक. तत्त्व गेलं आणि पहाणीही मिळाली नाही.

आई सोप्यात अळसंदे निवडत बसलेली. "काय करूलास रे मघापास्नं?"

"जन्मगाव विचारतंय."

"मग गडहिंग्लज घाल की."

"आई, मी बेळगावचा!"

"पहिलं बाळंतपण माहेरात असतंय. दिवाळीत तुझ्या भाच्यानं ते सगळं मलाच विचारून भरलंय." तिनं एक किडका दाणा बाजूला फेकला. "बापूसाचं गाव विचारलंय काय त्यानं? जन्म विचारलाय."

गडहिंग्लज इंग्रजीत लिहिणं ही वेगळी शिक्षा आहे. डीनंतर एच आहे की नाही? शेवटी जे की झेड? तिसऱ्या खेपेला दार उघडलं.

प्रिंटर कुरकुरत पहाणी ओकत होता आणि मी सुन्न. "आम्हाला महाराष्ट्रात घ्या" म्हणून उभी हयात घसा फोडला, आणि मी जन्मलो तोच तिकडं. चहाच्या गाड्यावर इतकी वर्षं 'आम्ही जन्मानं बेळगावकर' म्हणून जे ऐकवलं, त्याचं काय?

"आई, हे बाहेर कुठं बोलू नको हं."

सोप्यातून उत्तर आलं नाही. सूप तिथंच होतं. आई कंपाउंडजवळ उभी होती, आणि भिंतीपलीकडनं शेजारच्या काकू विचारत होत्या, "अगोबाई, गडहिंग्लजचा काय तो?"