कड्याचं पाखरू आणि मामाचा फोन

परवा सकाळी सातला शिंदखेड्याहून मामाचा फोन. "भाचा, याना पायमा कडं शे. मारी टाकू का?"

विहिरीवर टाकलेल्या जाळीत एक परीट अडकला होता. शेपटी खालीवर करत बांधावर धावतो ना, तोच. मामाने तो डालग्याखाली झाकून ठेवलेला. मारायचं कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं: पायात कडं असलेला परदेशी पक्षी दिसला तर पकडा, मारा, पुरा. कड्यात चिप असते, त्यातून बर्ड फ्लू पसरवतात, हा अमेरिकेच्या लष्कराचा डाव आहे, आणि कड्याने पक्षी तसाही तडफडून मरतो.

हा मेसेज मला चार ग्रुपवर आला होता. तेव्हा सोडून दिला. आता नाही.

चिप. ते कडं म्हणजे पक्षी कुठून कुठे जातो हे कळावं म्हणून अभ्यासकांनी पायात घातलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, वर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता. बॅटरी नाही, काही नाही. परीट जेमतेम वीस ग्रॅमचा, तो काय वाहणार? तरी मुंबईत २०२३ मध्ये कड्यावाल्या कबुतराला हेर समजून पकडलं आणि आठ महिने अडकवून ठेवलं. निघालं काय, तर तैवानचं शर्यतीचं कबुतर.

बर्ड फ्लूचं मात्र डोक्यात जातं. २००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांमध्ये हा रोग निघाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ती धास्ती आपल्याकडे अजून आहे आणि मेसेज लिहिणारा नेमका तिच्यावरच खेळतोय. रानपक्ष्यांत हा विषाणू असतो, पण मुख्यतः बदकं, पाणपक्षी यांच्यात. कड्याचा त्याच्याशी संबंध काय? आणि पक्षी खरंच रोगट असेल, तर "हाताने पकडा" असं सांगणारा शहाणा कोण? परीट मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, ते वेगळंच. खटला मामावर होईल, मेसेजवाल्यावर नाही.

अमेरिकेचं लष्कर... हं, यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. साठच्या दशकात आशियातल्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामात त्यांचा पैसा होता, आपल्याकडेही आला, आणि सत्तरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर प्रश्न उठवले. पण कडी घालणं काही त्यांनी शोधलेलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते १९२७ मध्येच धारच्या महाराजांच्या मदतीने सुरू केलं होतं. धार म्हणजे आपला सातपुडा ओलांडला की पलीकडे.

राहिलं तडफडून मरणं. अमेरिका आणि कॅनडातल्या २२ संस्थांच्या नोंदी २०१२ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. कडं घालायला पक्षी आधी जाळ्यात धरावा लागतो; तसे सहा लाख वीस हजारांहून जास्त वेळा पक्षी धरले, त्यात जखमी ०.५९ टक्के, मेले ०.२३ टक्के. शून्य नाही, बरोबर. पण हे जाळ्याचं आणि हाताळणीचं. कडं पायात सैल फिरतं, आणि वजन पक्ष्याच्या शंभरात तीन भागांच्या आत ठेवतात.

मामाला म्हटलं, डालगं जरा उचल, कड्यावरचे आकडे वाच, फोटो काढ आणि सोडून दे. "सात... चार... एक..." आणि मग "उडी गयं!"

फोटो निघाला नाही. मामाच्या मोबाइलवर मीच बोलत होतो.