टाय नाही म्हणून आजोबा खोटे?

गेल्या काही दिवसांत ठाण्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर, म्हणजे सोसायटीच्या, ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, एक मजकूर फिरतोय. विषय जुन्या जेट विमानांतल्या इजेक्शन सीटचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सीटसकट बाहेर फेकला जाऊन वाचलेल्या जगातल्या प्रत्येक वैमानिकाला मार्टिन-बेकर ही ब्रिटिश कंपनी एक खास टाय देते आणि आपल्या ‘टाय क्लब’मध्ये त्याचं नाव घालते. तेव्हा कोणी ‘आमचे काका इजेक्ट झाले होते’ म्हणालं की टाय दाखवा म्हणावं. नसेल तर ती थाप. जोडीला आणखी चार गोष्टी. जुन्या प्रत्येक जेटमध्ये ही सीट होती, म्हणून जो गेला त्याने हँडल ओढलंच नाही. पहिलं इजेक्शन १९४९ साली इंग्लंडमध्ये झालं. एकदा इजेक्ट झालेला माणूस पुन्हा विमान चालवत नाही, शिवाय त्याची उंची कायमची इंचभर कमी होते. आणि खात्री करायची तर कोलशेतच्या एअर फोर्स स्टेशनवर विचारा, नाहीतर माहिती अधिकारात एक अर्ज टाका. आठवड्यात सगळं हातात.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण नौपाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी कॉलेजात जाणाऱ्या नातीने हे वाचून आजीला विचारलं, ‘मग आजोबांची टाय कुठंय?’ आजोबा साठच्या दशकात हवाई दलात होते, आता हयात नाहीत. आजींनी कपाट उघडून लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, काढलं, टाय काही निघाली नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी टायचं बघू. क्लब खरा आहे. १९५७ साली सुरू झाला आणि कंपनीच्या हिशेबाने तिच्या सीटांनी आजवर साडेसात हजारांहून जास्त जीव वाचवलेत. पण तिथे जायची पहिली अट म्हणजे सीट मार्टिन-बेकरची हवी. मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी हीच अट गिळून टाकली. रशियन विमानांत रशियन सीट असायची, स्वीडनची साब कंपनी स्वतःच्या सीट बनवायची, अमेरिकेत सेबर हे लढाऊ जेट बनवणारी कंपनी त्याची सीटही स्वतःच करायची. यांतून वाचलेल्यांना इंग्लंडची टाय कोण कशाला देईल?

आता हाच निकष आपल्याकडे लावून बघा. २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान मिग-२१ बायसनमधून इजेक्ट झाले. मिगची सीट रशियन. म्हणजे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलेला माणूस या मजकुराप्रमाणे थापाड्या. दिलीप पारुलकरांचं तर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं, ते इजेक्ट झाले, युद्धकैदी झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये सोबतचे कैदी वैमानिक गरेवाल आणि हरीश सिंहजी यांना घेऊन रावळपिंडीच्या कैदेतून पळाले. पार अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पकडले गेले. सुखोईची सीटही रशियनच. पारुलकरांकडे टाय मागायची हिंमत या मजकूरवाल्याने दाखवली असती का?

आजोबांचं विमान नॅट. चिमुकलं लढाऊ जेट, आणि पासष्टच्या लढाईत पाकिस्तानच्या सेबरला भारी पडलेलं. ते बनवलं फोलंड कंपनीने, आणि मार्टिन-बेकरची सीट त्यात जड पडते म्हणून फोलंडने स्वतःची हलकी सीट बसवली. पुढे आपल्या एचएएल या विमान कारखान्याने बंगळुरूला नॅट बांधली तेव्हाही प्रकार तोच. म्हणजे नॅटमधून कोणी कितीही वेळा बाहेर पडला तरी टाय मिळायचा प्रश्नच नव्हता. उलट हंटर, कॅनबेरा, मारुत या विमानांत मार्टिन-बेकर होती. तिथे टाय असू शकते, पण नसली म्हणून बिघडत नाही. कोणीतरी कंपनीला कळवायला लागतं, अर्ज करायला लागतो. आणि त्या पिढीतल्या पुष्कळांना असला काही क्लब आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्यापेक्षा लॉगबुक बघा. आजींनी समोर ठेवलं ते निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, काम, वेळ. रात्रीची उड्डाणं लाल शाईत. महिना संपला की बेरीज आणि खाली फ्लाइट कमांडरची सही. त्यातल्या एका ओळीत नॅट, ‘आयई’ने सुरू होणारा नंबर, वेळ पंचवीस मिनिटं, आणि शेजारी बारीक अक्षरात एवढंच: इंजिन बंद, विमान सोडलं. त्या महिन्याच्या बेरजेखालीही सही आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने सही केलेली नोंद मोठी, की परदेशी कंपनीची भेटवस्तू, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या लेखी हा मुद्दा इथेच संपला.

‘प्रत्येक जेटमध्ये सीट होती, गेला त्याने हँडल ओढलं नाही’ हा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, तो गेलेल्या माणसांवर अन्याय करणारा आहे. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट म्हणजे व्हॅम्पायर, १९४८ साली आलं. त्याच्या एक आसनी लढाऊ प्रकारात इजेक्शन सीट नव्हतीच. डोक्यावरची काच उडवायची, पट्टे सोडायचे, जमलं तर विमान उलटं करायचं आणि खाली पडायचं. पडताना मागचं शेपूट चुकवायचं, आणि व्हॅम्पायरचं शेपूट म्हणजे दोन लांब दांड्यांच्या मधोमध बसवलेला आडवा पंखा, अगदी वैमानिकाच्या वाटेत. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे थोपवायला आपण हीच जुनी विमानं पाठवली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. भागवागर, जोशी आणि भारद्वाज हे तीन फ्लाइट लेफ्टनंट गेले; चौथे, पाठक, उडी मारून वाचले. त्या तिघांनी ‘हँडल ओढलं नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी त्या विमानात हँडल दाखवावं.

कॅनबेराची गोष्ट तर याहून चमत्कारिक. विमानाचं नाव एकच, पण कोणता मार्क, म्हणजे कोणती आवृत्ती, यावर जगणं-मरणं. १० एप्रिल १९५९ ला, ईदच्या दिवशी, आपलं टेहळणीचं कॅनबेरा रावळपिंडीवर पाकिस्तानी सेबरने पाडलं. स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल दोघेही इजेक्ट झाले, पकडले गेले आणि पुढे भारतात परत आले. ते विमान पीआर-५७, त्यात दोघांनाही सीट होती. पण आपल्याकडे जास्त संख्येने असलेलं बॉम्बफेकी बी(आय)-५८ घ्या. त्यात सीट फक्त वैमानिकाला. नॅव्हिगेटर पुढच्या नाकाडात बसायचा, आणि वेळ आली तर त्याने सरपटत दारापर्यंत यायचं, पॅराशूटची छत्री अंगाला लावायची आणि उडी टाकायची. विमान गिरक्या खात असताना हे किती जमत असेल याची कल्पना करा. म्हणून शोध घेणाऱ्याने ‘कॅनबेरा’ एवढ्यावर कधीच थांबू नये. मार्क कोणता आणि माणूस कुठल्या जागेवर बसला होता, हे कळल्याशिवाय ‘इजेक्ट का झाला नाही’ हा प्रश्न तोंडातून काढू नये.

आणि सीट होती तरी? मार्टिन-बेकरची अगदी पहिली, मार्क-१ सीट घ्या. काच उडवा, दोन्ही हात वर करून डोक्यामागचा पडदा चेहऱ्यावर ओढा, खालची तोफ, म्हणजे स्फोटकाची नळी, सीट बाहेर फेकते, छोटी छत्री सीटला सरळ करते. इथपर्यंत यंत्राचं काम. मग हवेत लोंबकळताना माणसाने स्वतःच पट्टा सोडायचा, सीट पायांनी ढकलून द्यायची आणि आपली छत्री हाताने उघडायची. उंची भरपूर असेल तर ठीक. धावपट्टी सोडताच इंजिन गेलं तर एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा? सीट आपोआप सुटण्याची सोय मार्क-२ पासून आली, आणि जमिनीवर उभ्या विमानातूनही वाचवणाऱ्या रॉकेटच्या सीट साठच्या दशकात आल्या.

पहिलं इजेक्शन १९४९ चं नव्हे. १३ जानेवारी १९४२ ला जर्मन चाचणी वैमानिक हेल्मुट शेंक हाइन्केल-२८० या जेटच्या नमुन्यातून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सीटने बाहेर पडला. विमान बर्फाने गोठून हाताबाहेर गेलं होतं. १९४९ मध्ये ३० मे रोजी जो लँकास्टर बाहेर पडला तो ब्रिटनमधला, मार्टिन-बेकर सीटने संकटात वाचलेला पहिला. मजकुरात ‘ब्रिटनमधलं पहिलं’ असं म्हणायचं राहून गेलं, बाकी साल बरोबर.

‘पुन्हा विमान चालवत नाही’ याला उत्तर द्यायला आजोबांचंच लॉगबुक पुरे. त्या ओळीनंतर बराच काळ कोरा, आणि मग पहिली नोंद दोन आसनी व्हॅम्पायरची, शेजारी प्रशिक्षकाचं नाव. पुढे पुन्हा नॅट. हे काही जगावेगळं नाही. कारियप्पा, म्हणजे फील्ड मार्शलांचे चिरंजीव, २२ सप्टेंबर १९६५ ला हंटरमधून इजेक्ट होऊन पाकिस्तानात कैदी झाले, नंतर एअर मार्शल झाले. पलीकडचं उदाहरण हवं तर नोव्हेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या सरहद्दीवरच्या बोयऱ्याच्या आकाशात नॅटनी पाडलेल्या सेबरमधून इजेक्ट झालेले परवेझ मेहदी कुरेशी आपले कैदी होते. पुढे तेच पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. आपले माजी हवाई दल प्रमुख धनोआ १९८८ मध्ये इजेक्ट झाले होते आणि नऊ महिन्यांनी उडायला लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला त्यांनी अभिनंदनबरोबर मिग-२१ उडवलं तेव्हा हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

पाठीच्या कण्याला धक्का बसतो हे मात्र खरं, आणि मणक्याला चीर जाणं ही इजेक्शनची नेहमीची दुखापत. लँकास्टरच्याही कमरेच्या मणक्याला इजा झाली होती. जुन्या सीटची तोफ एका झटक्यात सगळा जोर द्यायची, म्हणून त्यांचा दणका जास्त. चेपलेल्या मणक्यामुळे एखाद्याची उंची थोडी कमी भरेलही. पण ‘प्रत्येकाची, कायमची, इंचभर’ हे फॉरवर्डवाल्याचं मोजमाप.

राहिलं कोलशेत आणि माहिती अधिकार. कोलशेतच्या फाटकावर जाऊन पन्नास-साठ वर्षांपूर्वी आसाम-पंजाबात पडलेल्या विमानाची चौकशी करण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी दिल्लीला, हवाई मुख्यालयाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करावा, पण ‘माझ्या आजोबांची सगळी माहिती द्या’ असा नव्हे. तारीख, स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार आणि नंबर, हे चार तपशील द्या आणि अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष मागा. ‘आयई’ म्हणजे नॅट, ‘बीए’ म्हणजे हंटर. नंबर हाती असला की माणसाच्या नावाच्या स्पेलिंगवर अडत नाही. अर्जात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) चा उल्लेख करा. घटनेला वीस वर्षं झाली असतील तर माहिती नाकारायची बहुतेक कारणं तिथे गळून पडतात. देशाची सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढी राहतात. नेमणुका-बढत्यांसाठी भारताच्या राजपत्रातला भाग १, विभाग ४ चाळा. तिथे सेवा क्रमांक मिळतो. ब्रिटिश राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या याद्यांत मात्र वेळ घालवू नका, त्या ३१ डिसेंबर १९४७ ला संपतात आणि आपलं जेट युग त्यानंतरचं.

आठवड्यात उत्तर मिळेल म्हणणाऱ्याने फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव ऐकलेलं दिसत नाही. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर त्यांचं सुखोई-७ पडलं. त्याच सुमारास एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं. १९७९ मध्ये लोकसभेत सरकारने दिलेल्या बेपत्तांच्या यादीत तांबे आहेत. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे असा कोणी नाही. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे यांनी सगळे दरवाजे ठोठावले. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले. एवढं करूनही तांबे विमानातून बाहेर पडले की नाही याचं सरकारी उत्तर मिळालेलं नाही. तेव्हा ठाण्यात ज्यांच्या घरी अशी लॉगबुक आहेत त्यांनी त्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, पावसाळ्याआधी. रद्दीत निघालेली अशी एक वही मी राम मारुती रोडच्या पदपथावर पाहिली आहे, चाळीस रुपयांना.