मेमधली माती मेलेली असते म्हणे

दर उन्हाळ्यात एक मेसेज माण-खटावपासून जतपर्यंतच्या, म्हणजे सातारा-सांगलीच्या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरतो. यंदा मला तो चार ठिकाणी आला. मजकूर थोडक्यात असा: कमी पावसाच्या भागातली जमीन मेलेली असते, उन्हाने जिवाणू जळून जातात, माळावरची काळी खपली हा रोग आहे, ती मोडून काढा, आणि एकरी एक लिटर जिवाणूंचं द्रावण सोडा, आठ दिवसांत जमीन जिवंत. शेवटी हात जोडलेले आणि एक फोन नंबर.

आधी उन्हाचं बघू. मे महिन्यात उघड्या रानाचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे जातो आणि त्यात पुष्कळ जिवाणू मरतातही. पण सगळे मरत नाहीत. बॅसिलससारखे जिवाणू जाड कवचाचे बीजाणू करून, म्हणजे झोपेत गेल्यासारखे, पडून राहतात, काही अंगाभोवती चिकट थर धरतात, काही वाळताना पेशी फाटू नये म्हणून ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. बांधावरचं ढेकूळ वाटीत फोडा, दोन चमचे पाणी शिंपडा आणि नाक जवळ न्या. मृगाच्या पहिल्या सरीचा तो वास येतो ना, त्यातलं जिओस्मिन हे रसायन मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेलं असतं. आता हे खरं की ते आधीच बनून मातीत बसलेलं असतं, म्हणून नुसत्या वासाला मी पुरावा म्हणणार नाही.

पुरावा वेगळा आहे. पूर्व आफ्रिकेत मातीवर काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञांनी १९५८ साली दाखवून दिलं, की वाळलेली माती भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो आणि पिकाला घेता येईल असा नत्र एकदम मोकळा होतो. म्हणजे मेलेल्यांचे अवशेष आणि जुना कुजका पाला यांवर जगलेले जिवाणू ताव मारतात. आपल्याकडे म्हातारी माणसं उन्हाळी नांगरट करून ‘रान तापू दे’ म्हणायची. हुमणी ही मुळं खाणारी अळी आणि तण मरतं हे एक कारण, पण तापलेल्या रानातलं पीक पहिल्या पावसावर जोर धरतं हेही त्यांनी पाहिलेलं होतं. उन्हाने जमीन खरोखर मेली असती, तर हे जमलं नसतं. हा नत्र फुकटचा मात्र नव्हे. दर वेळी सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत साठलेल्या कार्बनची ठेव थोडी मोडते, आणि रानात परत काही घातलं नाही तर ठेव संपते.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती कबूल करायला हवी. फर्नांदो मायेस्त्रे हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरातल्या ८० कोरडवाहू ठिकाणांची माती तपासली. कोरडेपणा वाढतो तसे जिवाणू आणि बुरशी संख्येनेही घटतात आणि प्रकारांनीही. यामागे मोठा वाटा सेंद्रिय कर्ब घटण्याचा. पण घट सगळ्यांची सारखी नव्हती. ॲसिडोबॅक्टेरिया या जिवाणू-गटाचं प्रमाण उतरलं, क्लोरोफ्लेक्सी या दुसऱ्या गटाचं चढलं. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणला ५०० च्या आसपास. दोन्हीकडच्या मातीत एकच वस्ती कशी असेल?

खपलीचं तर या मेसेजने पार उलटं केलंय. उसाच्या क्षारपड रानात फुटतो तो पांढरा खार वेगळा. माळावरची काळपट खपली चाकूच्या टोकाने हलकेच उचला: खाली केसाहून बारीक धागे लोंबतात आणि त्यांना वाळूचे कण मण्यांसारखे चिकटलेले असतात. हे नील-हरित शैवाल, म्हणजे खरं तर जिवाणूच. पाणी मिळालं की काही तासांत हिरवं होतं, माती धरून ठेवतं, आणि त्यातलं नॉस्टॉक हवेतला नत्रही बांधतं. एकदा मोडलं की पूर्ववत व्हायला वर्षं लागतात, कुठे कुठे दशकं. ते मोडायला पैसे देणं म्हणजे कमालच.

आता बाटली. द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला १० कोटी जिवाणू धरा; लिटरमध्ये झाले १० हजार कोटी. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण ८ लाख किलो. तिच्या एका ग्रॅममध्ये, हात आखडता घेऊन, एकच कोटी जिवाणू धरले तरी बाटलीतल्या एका पाहुण्यासमोर रानातले ८० हजार यजमान उभे. शिवाय जेवायला काही नाही! पाहुणा किती दिवस टिकेल?

हा हिशोब मी ग्रुपवर टाकला. एकाने लगेच विचारलं, ‘मग सगळीच जिवाणू खतं खोटी का, दादा?’ नाही. हरभऱ्याच्या बियाण्याला त्याचं रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठीत राहून नत्र बांधणारे जिवाणू, चोळून पेरलं तर ते थेट मुळापाशी पोचतं, गाठीत घर मिळतं, पीक त्याला खाऊ घालतं. सोयाबीन पहिल्यांदाच घेत असाल तर त्याचं कल्चर, म्हणजे त्याच्या रायझोबियमचं खत, बियाण्याला मुद्दाम लावा, कारण ते जिवाणू आपल्या मातीत मुळात असतीलच असं नाही. आणि बाटलीचे पैसे वाचले तर शेणखताच्या एखाद्या खेपेला लावा. तुरीचा पालाही बांधावर पेटवू नका, रानातच पडू द्या.