खुलासा : हीटर बिघडला की पाणी गारच होते, हे खरे नाही

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील हीटर बिघडला तर पाणी केवळ गार होते आणि अशा वेळी गरम पाणी ओतून तापमान तातडीने पूर्ववत करावे, असा सल्ला सध्या फिरत आहे. त्याचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा घातक.

साध्या हीटरमधील थर्मोस्टॅटचे, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाचे, संपर्कबिंदू सतत उघडझाप होताना उडणाऱ्या ठिणग्यांनी झिजतात आणि कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. मग पाणी ठरवलेल्या, समजा २६ अंश सेल्सिअस, तापमानावर पोहोचले तरी वीजप्रवाह तुटत नाही. पाणी तापत गेले की त्यातला प्राणवायू घटतो आणि प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. त्यामुळे एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर वेगळ्या तापमान-नियंत्रकावर लावावेत, हे मी आग्रहाने सांगेन. एक चालूच राहिला तरी त्याची ताकद मर्यादित असते, आणि एक बंद पडला तरी दुसरा पाणी फार गार होऊ देत नाही.

गार झालेली टाकी काही तासांत, हळूहळूच तापवावी. नळाचे गरम पाणी ओतल्यास तापमानासोबत पाण्याचा खारटपणाही एकाएकी बदलतो आणि आधीच थकलेल्या जिवांना दुहेरी धक्का बसतो. पाणी तापले असेल तर आधी हीटरचा प्लग काढावा, पृष्ठभागावर पंखा लावावा आणि हवेचा पंप सुरू करावा; बर्फ वापरायचाच तर बंद बाटलीतून. काचेचा हीटर मात्र निवल्याशिवाय पाण्याबाहेर काढू नये, कारण तापलेली काच तडकते.