चोर सुधारत नाही, सरकतो
‘कॅमेरा दिसला की लोक सुधारतात’ असं एका लेखात वाचलं, पण ते वाक्य अर्धंच खरं आहे. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात 3 सायकल स्टँडवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांचे फलक लावले, खाली ‘सायकलचोरांनो, आमचं लक्ष आहे’ असा मजकूर. वर्षभरात तिथल्या चोऱ्या 62 टक्के घटल्या, पण फलक नसलेल्या स्टँडवर 65 टक्के वाढल्या! हा प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे कोणी थुंकू नये म्हणून जिन्यात देवांच्या टाइल्स लावतात, तिथेही हेच. एकाच मजल्यावर लावल्या, तर तो कोपरा स्वच्छ राहतो नि पिचकारी वरच्या वळणावर जाते. त्यामुळे सगळे कोपरे एकदम घ्या आणि खाली थुंकायला वाळूचा डबा ठेवा.