फोन चिपळुणात राहतो

आषाढ लागला की आमच्याकडे कोरडं असं फक्त बोलणंच उरतं. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड तळायच्या आधीच मान टाकतात, काडेपेटीचा गुल काडीबरोबर निघून येतो, कपाटातल्या कातडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते आणि बनियन इस्त्रीखालून वाफा काढत थेट अंगात जातं. माझं बाजारपेठेत स्टेशनरीचं दुकान आहे. जूनमध्ये आणलेली दोनशे पानी वही ऑगस्टात फुगून तीनशे पानी दिसते, पण गिऱ्हाईक पैसे दोनशे पानांचेच देतं. आता यातल्या कुठल्याही वस्तूने मला आजवर लेखी कळवलं नव्हतं, की बाबा रे, मी ओली झाले आहे. ते काम यंदा फोनने केलं.

‘चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आढळला आहे. केबल काढा आणि पोर्ट कोरडा होऊ द्या.’ सोबत एक पिवळा त्रिकोण, त्याच्या पोटात निळा थेंब, आणि स्वयंपाकघरातून आई ‘काय रे वाजलं?’ म्हणेल इतक्या जोरात टुण्ण. केबल काढली की गप्प. लावली की पुन्हा टुण्ण. बाहेर पागोळ्यांचा पडदा, भिंतीला पोपडे, जिन्याखाली छत्र्यांचं तळं, आणि ह्याला ओलावा आढळलाय! अरे, मग आम्ही इतकी वर्षं काय वाळवंटात काढली?

पहिल्या दिवशी मी फोनला मान दिला. पुसला, फुंकर मारली, देवघराशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी बॅटरी नऊ टक्क्यांवर आल्यावर घरात सभा भरली.

आईचं म्हणणं सरळ होतं. ‘तांदळात ठेव.’ मिठाच्या डबीत ती कायम तांदळाचे चार दाणे टाकते, तेव्हा तिच्या दृष्टीने हा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. पण पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर ओरडला, ‘मामा, तांदूळ नको! ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो.’ माझा फोन ॲपलचा नाही, पण शास्त्र सगळ्यांना सारखंच. मी आईला म्हटलं, ‘कंपनीवाले नको म्हणतायत.’

‘त्यांच्या मिठाला पाणी सुटत नसेल,’ आई म्हणाली आणि डाळ निवडायला लागली.

मग त्या सूचना पुढे वाचल्या. आत कापूस किंवा कागद घालू नका. पोर्टचं तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटा. निदान अर्धा तास थांबा. पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो. आणि मधेच, अगदी सहज, फोन कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. अशी जागा आमच्या घरात असती तर तिथे आधी लेकीच्या शाळेचे मोजे वाळले नसते का? घरातला एकुलता एक जोरदार पंखा दांडीखाली लावलेला असतो आणि त्याच्या वाऱ्याचं वेळापत्रक हिच्या हातात. पहिला नंबर गणवेशाचा, मग टॉवेलांचा, मग ‘तुमच्या त्या पँटी’. हिच्या हातापाया पडून फोनला दोन मोज्यांच्या मधे, तोंड पंख्याकडे करून, कपड्यांच्या चिमट्यात अडकवला. तासाभराने काढून केबल लावली. चार्जिंग सुरू! आम्ही सगळे त्या हिरव्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. नऊचे अकरा झाले आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा पंख्याची पाळी टॉवेलांची होती आणि पोर्ट पुन्हा ओला होता.

हे असं का होतं, ते भाच्याने सांगितलं. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. यूएसबी-सीच्या तोंडात मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी बारा-बारा अशा २४ पिना. फोनला पाणी दिसत नाही की चाचपता येत नाही. ज्या पिनांचा एकमेकींशी संबंध नसायला हवा त्यांच्यात चोरटा करंट वाहतोय का, हे तो तपासतो. वाहत असला की पाणी म्हणून मोकळा. मग तिथे खरोखर पाणी असो, दमट झालेली खिशातली लव असो, नाहीतर पीन गंजलेली असो. त्याची भीती खोटी नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं. ओल्या पिनेतून पाच व्होल्ट सोडले की धातू हळूहळू झिजायला लागतो, म्हणून तो चार्जिंगच तोडतो.

‘पण फोन तर आयपी-६८ आहे, म्हणजे पाणी-धूळ रोखणारा,’ मी म्हटलं. दुकानदाराने विकताना हे तीनदा सांगितलं होतं.

‘मामा, त्याचा अर्थ पाणी पोटात जाणार नाही. तोंडात साचायला कोणी नाही म्हटलंय?’

मग त्याने मिठाचं सांगितलं, आणि तिथे मात्र मी चमकलो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जुलैत आमच्याकडे आर्द्रता नव्वदीच्या आसपास रेंगाळत असते. खिशातल्या फोनला घाम लागतो, घामात मीठ असतं. म्हणजे स्वयंपाकघरात बरणीत जे चाललं होतं तेच माझ्या खिशात फोनच्या तोंडात चाललं होतं. आईचं निदान अचूक होतं, औषधावर तेवढा कंपनीचा आक्षेप. आईला हे सांगितलं नाही. सभेत तिचं पारडं आधीच जड आहे.

फोन वॉरंटीत होता, म्हणून रत्नागिरीला कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढून फटीत टॉर्च मारला. तिथे एक छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते, आणि लाल झाली की वॉरंटी संपली. माझी पांढरीच निघाली. त्याचा जरा हिरमोड झालेला दिसला.

‘सर, फोन कधी पाण्यात पडला होता?’

‘नाही.’

‘बाथरूममध्ये वगैरे नेता?’

‘नाही.’

‘मग ओलावा कुठून आला?’

‘फोन चिपळुणात राहतो,’ मी म्हटलं.

त्याने कॉम्प्युटरवर बरंच काही टाइप केलं. एवढ्याशा वाक्याला एवढं काय टाइप केलं असेल, देव जाणे. सात दिवस फोन ठेवून जा म्हणाला. सात दिवस फोन ठेवला तर घाऊकवाल्याचा फोन कुठे घेऊ? मी फोन उचलला आणि एसटी पकडली.

आमच्या गावात पाण्याविषयी बोलायची एक रीत आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, तेव्हापासून कुणी ‘पाणी आलं’ म्हटलं की आधी विचारतात, कुठपर्यंत? पायरीपर्यंत, गल्ल्यापर्यंत, की माळ्यापर्यंत? माझ्या दुकानाच्या भिंतीवरची तेव्हाची मातकट रेघ रंगाचे दोन हात मारूनही वर येते. त्या रेघेखाली बसून वह्या विकणाऱ्या माणसाला हा फोन निळा थेंब दाखवून घाबरवतो, याचा मला खरा राग होता.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. तो काही विचारत बसला नाही. डोळ्याला भिंग लावलं, फोन बंद केला, लाकडी टूथपिक घेतली आणि पोर्टच्या कडेकडेने अलगद फिरवली. बाहेर आली एक राखाडी लवेची गोळी, घट्ट दाबलेली, तिच्यात शेंगदाण्याच्या सालीचा लाल तुकडा. मग मऊ ब्रश आणि बाटलीतलं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते भुर्रकन उडून जातं, फक्त दवाखान्याचा वास मागे राहतो. मला वाटलं, संपलं. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. कडेच्या एका पिनेवर मोहरीहूनही बारीक हिरवट ठिपका होता.

‘काका, हा जाणार नाही. पोर्ट बदलावा लागेल. पार्ट पुण्याहून मागवतो. घाट सुरू असला तर दोन दिवसांत.’

घाट सुरू नव्हता. दरड होती.

घरी आईला हिरव्या ठिपक्याचं सांगितलं तर तिला अजिबात नवल वाटलं नाही. ‘म्हणजे कळकलंय. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर दुसरं काय होणार? कल्हईवाला येतो का रे हल्ली?’

तोवर फोन चालवायचा कसा? बंद करून केबल लावली तर तो निमूट चार्ज होई, कारण तक्रार करणाराच झोपलेला. पण ओल्या पिनेत करंट सोडायचा धीर होईना, आणि बंद फोनवर गिऱ्हाइकाचे पैसे आले की नाही तेही कळत नाही. भाचा म्हणाला वायरलेस चार्जर घ्या, त्याला पोर्ट लागतच नाही. पेटीवर बघितलं, तर ती सोय माझ्यापेक्षा आठ हजारांनी महाग मॉडेलला होती.

उपाय सापडला तो बँकेत. भरणा करायला गेलो होतो, रांग मोठी, बॅटरी तीन टक्के. बराच वेळ बसल्यावर पासबुक छापायच्या मशीनमागे एक सॉकेट दिसलं. नुसता प्रयत्न म्हणून केबल लावली. टुण्ण नाही! मान वर केली तर डोक्यावर एसी गुरगुरत होता. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो. ते नळीतून मागच्या गल्लीत टपकताना मी वर्षानुवर्षं बघत आलोय आणि चुकवतही आलोय. गावातली कोरडी, हवेशीर जागा ही. कंपनीच्या सूचना कुठे बसून लिहिल्या असतील, तेही तेव्हा कळलं.

मग मी रोज जायला लागलो. जायला काही काम हवं म्हणून रोज पासबुक छापून घ्यायचो. एकेका ओळीसाठी मशीन खर्र खर्र करायचं आणि बंदूकवाले मामा माझ्याकडे बघायचे. शेवटी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला.

‘शेठ, सॉकेट तुमचंच आहे. पण आम्हाला वरून टार्गेट असतं हो.’

आवर्ती ठेवीचा फॉर्म भरला. ओटीपी आला तेव्हा फोन ७१ टक्क्यांवर होता. मॅनेजरनी विचारलं, ‘मुदत किती टाकू?’

म्हटलं, ‘घाट सुरू होईपर्यंत.’

त्यांनी बारा महिने लिहिलं.