भाजणी नंतर दळा, आधी रील टाका

धंदा वाढवायचाय ना, मग पहिल्यांदा तो दादरचा गाळा डोक्यातून काढा. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ वगैरे आपोआप विकलं जातं असं धरून चालायचं, कारण तुम्ही आता दुकानदार नाही, ब्रँड आहात.

ब्रँडला लागतो बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी केलेला भाचा. घरात नसेल तर बिल्डिंगमध्ये असतोच. तो आल्या आल्या दरफलक काढायला लावेल, कारण फ्रेममध्ये घाण दिसतो म्हणे, आणि तिथे एक प्लॅस्टिकचं झाड ठेवेल. आता भाव फलकावर नाही आणि पोस्टवर तर नाहीच नाही. कुणी विचारलंच तर 'डीएम केलंय', म्हणजे खासगी मेसेज केलाय, असं लिहून मोकळं व्हायचं. पाव किलो भाजणीचा भाव कानात सांगायचा, जशी काय मुलीची पत्रिका बघतोय.

मग सण. अक्षय तृतीयेपासून फ्रेंडशिप डेपर्यंत सगळ्याला शुभेच्छा द्या, लोगो देवाच्या मूर्तीपेक्षा मोठा पाहिजे. दुकान सोमवारी बंद असतं हे मात्र कुठेही टाकू नका, विरारहून आलेल्या माणसाला शटर बघूनच कळू दे.

व्हॉट्सॲपही सोडायचं नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणजे जी माणसं तशीही दर महिन्याला येतात तीच. त्यांनाच रोज सकाळी सात वाजता सुविचारासकट ऑफर पाठवा, महिन्याभरात ब्लॉक करतील, विषय संपला.

पैसे खर्च करायचेत? पोस्ट बूस्ट करा, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवा. एरियामध्ये दादर-माहीम टाकायची सोय असते, पण एवढा कोतेपणा कशाला, सगळा भारत सिलेक्ट करा. भागलपूरच्या एका मुलाने थालीपिठाला बदाम दिला की भाचा म्हणेल रीच वाढला. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो अनुभवाचा.

आणि इन्फ्लुएन्सर! 'बार्टर कोलॅब' म्हणत येईल, म्हणजे खाणं फुकट आणि बदल्यात पोस्ट, सोबत चार मित्र, रिंगलाइट, सगळे पोटभर खातील आणि 'हिडन जेम' म्हणून टाकतील. तुम्ही तिथे पंचवीस वर्षं रस्त्यावर तोंड करून बसलाय, पण असो. फुकट खाऊन केलेली पोस्ट जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे त्या अस्कीने, २०२१ मध्येच तसे नियम काढलेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा मेतकुटाने शुगर पळते असं त्याच्या तोंडून बिनधास्त वदवून घ्या, कोण बघतंय.

पण खरा खेळ रीलचा. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाने रील आणलं, आणि तेव्हापासून कुठलाही मराठी माणूस हातातलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात करत नाही. भाजणी भाजताना सुगंध सुटला की थांबायचं, कारण भाचा म्हणतो धूर नीट आला नाही, परत भाजा. तिसऱ्या टेकला करपते. करपलेली जास्त सिनेमॅटिक दिसते असं तोच सांगतो.

एवढ्यात काउंटरवर एक आजी येतात. गेली कित्येक वर्षं येतात, पिशवीसुद्धा तुमच्याच दुकानाची आहे. "एक किलो द्या हो, उपासाची नको, साधी." तुम्ही हात वर करून थांबवायचं, शूट चाललंय. त्या पाच मिनिटं थांबतात, मग "कसली नाटकं बाई" असं पुटपुटत पलीकडच्या गिरणीवाल्याकडे जातात.

भाच्याने ते नेमकं शूट केलेलं असतं. संध्याकाळी टाकतो, मागे ढोलकी, आणि रील तुफान चालतं. खाली कमेंटचा पाऊस, सगळ्यांचा एकच प्रश्न, तो गिरणीवाला नक्की कुठे आहे. तुम्ही प्रत्येकाला लिहा, डीएम केलंय.